पाळण्यातलं लंगडं पाऊल

बायडाबाईचा गळा गोड होता आणि ही गोष्ट गावाच्या आधी बायडाबाईला कळली होती. शेवगाव तालुक्याच्या त्या कोरड्या टोकाला बारसं कुणाच्याही घरचं असो, पाळणा म्हणायला तीच लागायची. बोलावणं आलं नाही तरी ती जायची. लाजायचं कशाला? चांगला गळा असलेल्या माणसानं कोपऱ्यात तोंड मिटून बसणं हा तिला निव्वळ आळस वाटायचा.

तिचा पाळणा तिचा स्वतःचा होता, कुणाकडून उचललेला नव्हता.

नीज गं साळू, धुकं उतरलं पाटावर,
बाप तुझा गेला बाई, चांदण्याच्या वाटंवर.

खुबी होती ती ‘नीज गं साळू’च्या पुढे. तिथे ती थांबायची. अर्धा श्वास, जास्त नाही. सूर हवेत तसाच लोंबकळत राहायचा आणि मग ‘धुकं’ हळूच खाली यायचं, कुणी पाण्यावर पांघरूण टाकावं तसं. बाकीच्या बायका ती जागा हमखास धावत ओलांडायच्या. बायडाबाई भर बारशात त्यांना दटावायची, ‘थांबा की गं तितं. समदी गोडी तितंच हाय.’ बाळाच्या आत्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्या गुमान थांबायच्या आणि मूल झोपायचं. तिच्या पाळण्याला न झोपलेलं मूल गावानं पाहिलं नव्हतं. निदान तिनं तरी नाही.

हा पाळणा जमला तो उसाच्या गाडीवर. उमेदीची वर्षं तिनं नवऱ्याबरोबर, सहादेवबरोबर, ऊसतोडीत काढली. दिवाळी झाली की गाव सोडायचं, श्रीरामपूरकडच्या मळ्यांत उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या करायच्या, दिवसभर ऊस तोडायचा, आणि भरलेली टायरगाडी पहाटे कारखान्याकडे निघाली की मोळ्यांवर चढून बसायचं. ते बसणं म्हणजे बायडाबाईचं राज्य. खाली धुकं, धुक्यात बैलांची नुसती शिंगं, कडेला पाटाचं पाणी न दिसता वाहतंय, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजताहेत, आणि अंग इतकं शिणलेलं की ते आपलं आहे की गाडीचंच एक फळकूट आहे हे कळू नये. अशा वेळी झोप आणि गाणं एकाच दारानं यायची. पुष्कळदा गाणं आधी शिरायचं.

शेवटच्या सालांत, हा पाळणा जमला तेव्हा, गाडीला पाखऱ्या आणि मोऱ्या होते. मोऱ्याच्या खुरात लहानपणी खिळा गेलेला, त्यामुळे त्याचा एक मागचा पाय जरा उशिरा पडायचा. ओढायला मात्र पाखऱ्याहून खंबीर.

पुढे कासरा धरून सहादेव. त्याचं आणि तिचं एक भांडण कधी मिटलंच नाही. ती म्हणायची, माझ्या सुरावर बैल चालतात. तो म्हणायचा, बैल चालतात म्हणून तुला सूर सुचतो. घुंगरं नसती तर तुझं गाणं चिखलात रुतून बसलं असतं. ठेका काय, कडबाकुट्टीचं यंत्रसुद्धा धरतं, त्याच्यापुढे कुणी डोळे मिटून बसलंय का, असं ती विचारायची. त्यावर तो म्हणायचा की माणूस डोलतो तो ठेक्यालाच, सुराला फक्त मान वाकडी करतो. असं बोलत बोलत कारखान्याचं धुराडं दिसायला लागायचं.

मग तिचा उजवा गुडघा गेला. एक पाऊल टाकलं की दुसरं मागून ओढून आणावं लागे. ती घरी राहिली, तिच्या सोबतीला सहादेवही राहिला, आणि गाडी-बैल घेऊन मुलगा आदिनाथ आणि सून ज्योती जाऊ लागले.

ज्योतीची मुलगी ज्ञानेश्वरी कोपीतच जन्मली. घरात तिला ज्ञाना म्हणत. मागच्या हंगामात ती रांगत रांगत गाडीच्या टायरपुढे गेली होती. गाडी हलायला आणि आदिनाथनं झबल्याला धरून तिला ओढायला एकच गाठ पडली. म्हणून यंदा पोरीला आजीपाशी ठेवायचं ठरलं. पण ज्योती होती आई. तिनं निघताना स्पष्ट सांगितलं की बाजाराच्या दिवशी तोड बंद असते, तेव्हा ती येऊन बघेल. पोर रुळली नसेल तर घेऊन जाईल. रडवून रडवून नाही ठेवायची तिला.

बायडाबाई हसली. ज्योतीनंच तर सांगितलं होतं, की गाडीवर ती सासूचाच पाळणा म्हणते आणि पोर लगेच झोपते. मग काळजी कसली? तिथे नक्कल होती, इथे खुद्द मालकीण.

पहिल्या दुपारी बायडाबाईनं झोळीची दोरी हातात घेतली, घसा खाकरला आणि पाळणा धरला. ज्ञानानं तो पुरा ऐकून घेतला. एखाद्या पुढाऱ्याचं भाषण ऐकावं तसा, टक्क डोळ्यांनी. संपल्यावर तिनं आजीकडे पाहिलं, झोळीकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. बायडाबाईनं तोच पाळणा आणखी संथ म्हटला, मग वरच्या पट्टीत, मग हरकती घालून. इतका गोड की शेजारची बनुबाई हातातलं काम टाकून आली. पोर रडतच होती. थकून डोळा लागला तरी हुंदक्यानं पुन्हा जागी. दूध घेईना, भाकरीचा काला थुंकून टाकी. दोन्ही गाल सुकले.

बनुबाईनं गळ्याला तेल लावायचा सल्ला दिला. बायडाबाईनं तिला तिचं घर दाखवलं.

ज्योतीनं फोनवरून पाळणा म्हणून पाहिला. ज्ञानानं मोबाईल उलटा करून मागे आई आहे का बघितलं. नव्हती. मग इकडे ही रडली आणि तिकडे ती.

बायडाबाईला आतून काहीतरी टोचायला लागलं. गळा उतरला म्हणावा, तर सूर जागच्या जागी होते. तिचे कान काही गेले नव्हते. पण पोर ते सूर हातात घेऊन बघत होती आणि खाली टाकत होती, नको असलेल्या खेळण्यासारखे. आणि बाजार उद्यावर आला होता. उद्या ज्योती पिशवी घेऊन येणार आणि पोर पुन्हा त्या टायरांत जाणार.

त्या संध्याकाळी सहादेवनं गोठ्याच्या खुंटीवरून जुनी घुंगरमाळ काढली. चामडं कडक झालेलं, मधली घुंगरं गळालेली. इतके दिवस त्यानं तोंड घातलं नव्हतं, आता त्याची पाळी. अंगणात उकिडवा बसून त्यानं माळ एकसारखी हलवायला सुरुवात केली, छुन छुन छुन छुन. ज्ञानाचं रडणं थांबलं. तिनं मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. मग गोठ्याकडे. गाडी कुठेच नव्हती. मग ती अशी रडली की आधीचं सगळं रडणं परवडलं.

‘कुटं हाय तुमचा ठेका?’ बायडाबाई म्हणाली. ‘त्यानं बी न्हाई झोपली.’

सहादेवनं माळ खाली ठेवली.

पोर माळेला हात घालत होती, म्हणून बायडाबाईनं माळ स्वतःच्या गळ्यात अडकवली, ज्ञानाला खांद्यावर घेतलं आणि उगीच, काही सुचत नाही म्हणून, चालू लागली. गोठ्यापासून कडुनिंबापर्यंत, कडुनिंबापासून चुलीपर्यंत. दिवेलागणीची वेळ. शेळ्या घरी येत होत्या, त्यांची धूळ अंगणावर तरंगत होती, आणि त्या धुळीत लिंबाचं खोड धुक्यातल्यासारखं पुसट झालं होतं. एक पाऊल टाकायचं, दुसरं मागून ओढून आणायचं. गुडघा ठणकत होता. छुन छुन, आणि मग जरा थांबून, छुन.

खांद्यावरचं ओझं बदललं हे तिला उशिरा कळलं. रडणारं मूल लाकडासारखं ताठ असतं. हे ओझं पाण्यासारखं होत चाललं होतं, तिच्या मानेच्या खळग्यात उतरत होतं. ती थांबली. पोर कण्हली. ती चालली, पोर निवली.

गोठ्याच्या दाराशी सहादेव उभा होता. त्याचे डोळे मिटलेले होते.

‘मोऱ्या चाललाय,’ तो म्हणाला.

बायडाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. बघायला गेली असती तर पाऊल चुकलं असतं. ती चालत राहिली. धूळ की धुकं, अंगण की रस्ता, काही सांगता येईना. बाजूनं पाट वाहत असावा. आपण उसावर बसलोय की गाडी ओढतोय हेही तिला नीटसं उमगेना, आणि त्याचं काही वाटेना. त्या गुंगीत पाळणा आपला आपण आला. हरकती नाहीत, वरची पट्टी नाही, नुसता ओठातल्या ओठात. पोरीनं एक सुस्कारा टाकला आणि तिची मूठ माळेच्या चामड्यावर सैल झाली.

दुसऱ्या दिवशी ज्योती फाट्यावर जीपमधून उतरली तेव्हा दुपार कलली होती. हातात रिकामी पिशवी, पोरीचे कपडे भरायला. घराच्या वळणावर तिला घुंगरं ऐकू आली आणि ती जागीच थांबली. बैल तर तिनं सकाळी कोपीपाशी उसाच्या शेंड्यांचं वाढं टाकून सोडले होते. आदिनाथ आपल्या आधी गाडी घेऊन घरी आला की काय? ते लंगडं पाऊल तर मोऱ्याचंच.

ती अंगणाच्या तोंडाशी आली. गळ्यात घुंगरमाळ घातलेली तिची सासू, डोळे अर्धे मिटून, गुडघा ओढत लिंबाला फेरी घालत होती. खांद्यावर ज्ञाना गाढ झोपलेली, ओठाच्या कडेला दुधाचा ओघळ. ओट्यावरून सहादेवनं सुनेला हातानंच गप्प राहायला सांगितलं.

ज्योती उभी राहिली. थोड्या वेळानं तिचे ओठ हलायला लागले. सासूच्या ओठांत पाळणा चालू होता, तो तिनं हलक्या आवाजात जोडून घेतला, तिच्याही नकळत. ‘नीज गं साळू.’ तिथे ती थांबली. अर्धा श्वास, जास्त नाही. मग ‘धुकं’.

बायडाबाईनं डोळे उघडले. आजवर त्या जागी न सांगता कुणी थांबलं नव्हतं.

‘तितं थांबायला तुला कुनी शिकवलं?’

‘शिकवायचं काय त्यात, आत्याबाई?’ ज्योती म्हणाली. ‘मोऱ्याचा पाय पडस्तवर पुढं जाताच येत न्हाई.’

बायडाबाई लिंबापाशी उभी राहिली. बारशातल्या कितीतरी बायका तिच्या डोळ्यांपुढून गेल्या, तिच्या धाकानं त्या जागेवर गुमान थांबलेल्या. सगळी गोडी तिथेच आहे असं तिनं त्यांना बजावलं होतं, ते खोटं नव्हतं. फक्त ती गोडी एका बैलाच्या खुरातून आली होती आणि तिला ते आजवर कळलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. आला नाही. खांद्यावर ऊब होती आणि पाय तिला चाल म्हणत होते.

तिनं सहादेवकडे पाहिलं. आता तो काहीतरी बोलणार आणि आपल्याला ऐकून घ्यावं लागणार, अशी तिनं मनाची तयारी केली.

‘माझ्याकडं काय बघतीस?’ सहादेव म्हणाला. ‘म्या काल नुसती घुंगरं वाजवली, तर पोर आनखीनच बिथरली.’

जागी झाल्यावर ज्ञाना आईला बिलगली. मग आईच्या मांडीवरून खाली उतरली, आजीच्या गळ्यातली माळ ओढू लागली आणि न कळणाऱ्या शब्दांत काहीतरी म्हणू लागली. शब्द नव्हतेच. पण ‘नीज गं साळू’चा चढ होता, आणि त्याच्यापुढे ती थांबत होती. ज्योतीनं ते ऐकलं. तिनं पिशवीची घडी केली, घुंगरमाळेच्या मोकळ्या खुंटीला टांगली आणि चहाला आधण ठेवलं.

निघताना तिनं सासूच्या गुडघ्याचं विचारलं. हंगाम सरेपर्यंत रोज असं चालणं झेपेल का? बायडाबाईनं ते उडवून लावलं. पोर पुन्हा पेंगायला आली होती. तिला खांद्यावर टाकून तिनं पाऊल उचललं.

‘जा आता, जीप चुकंल,’ ती म्हणाली. ‘आन मोऱ्याला वाढं जरा जास्त टाकत जा. त्याला म्हनावं, इकडची पाळी म्हातारी करती.’

वळणापर्यंत ज्योतीला घुंगरं ऐकू येत होती. पुढे फाट्यापर्यंत ती त्याच पावलानं चालत गेली.