धवले न्यायला आलेली बाई

ती बाई आमच्या ओसरीवर पहिल्यांदा येऊन बसली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. विठ्ठलवाडीकडच्या गावातून डोंबिवलीपर्यंत उन्हातान्हात कोण उगाच येतं? तेही एका म्हातारीला नुसतं बघायला? मी तिला पाणी दिलं, गूळ काही पुढे केला नाही.

माझी सासू धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांकडे तेव्हा लग्न लावायला धवलारीण लागायची. मांडवात बसून ती धवले गायची, म्हणजे लग्नाची गाणी, आणि एकेका धवल्याबरोबर एकेक विधी पुढे सरकायचा. देवांना आवतण, हळद, मुहूर्त, पाठवणी, सगळं तिच्या तोंडून. तिचं गाणं थांबलं की लग्न थांबलं. सासूला न्यायला खाडीपलीकडून माणसं यायची, आणि हिचा तोरा काय विचारता! लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रात्रभर गायली तरी शब्द इकडचा तिकडे होत नसे.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तिला विसर पडायला लागला. आधी चुलीवरचं भांडं विसरली, मग विहिरीची वाट, मग माणसं. तोंडात घास धरून बसायची, गिळायचं विसरून. भर दुपारी उठून मिठागराच्या बांधावरून अनवाणी निघायची, लग्नघरची माणसं खोळंबलीत म्हणायची. कल्याणचा डॉक्टर म्हणाला, वय झालं. गाव म्हणालं, म्हातारचळ. आता माझी नातसून सांगते, ठाण्यात म्हणे गाणी ऐकवून अशा म्हाताऱ्या माणसांवर उपचार करतात. करत असतील बाई. आमच्या वेळी देवाला नवस आणि उताऱ्याचं लिंबू, एवढंच औषध.

आणि खरं सांगू? मला वाटायचं, ही वेड पांघरून पेडगावला चाललीय. कारण माणसांत पहिली विसरली ती मला. माझं माहेर ठाण्याच्या कोपरीचं, मी चार यत्ता शिकलेली, ते तिला कधीच रुचलं नव्हतं. रोज भात कालवून भरवायची मी, आणि मलाच विचारायची, कोणाची गो तू? लेकीला मात्र जवळ बसवून तिचे केस विंचरायची. मग माणसाने काय समजायचं?

ही लेक, माझी नणंद, हट्टी होती. तिचं लग्न वैशाखात ठरलेलं. तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की माझं लग्न आयच लावील, आय गायली नाही तर मी मांडवात उभी राहणार नाही. नवऱ्यामुलाकडचे भटजीवर राजी होते, मीही समजावलं. पण ही ढिम्म. तशात ज्या आईला जेवायचं कळत नव्हतं ती लग्न कसलं लावणार, या काळजीने घरात कोणाला घास गोड लागेना.

आणि नेमकी तेव्हाच ती बाई उगवली. तरुणपणी ती सासूच्या मागे बसून झील धरायची, तिची ओळ मागून उचलायची. पुढे दोघींचं बिनसलं आणि तिने आपल्या बाजूची लग्नं वेगळी धरली. इतकी वर्षं तोंड दाखवलं नाही, आणि आता म्हणे, बाय आजारी ऐकलं, जवळ बसून गाऊन बघते. मी तोंडदेखलं मावशी म्हटलं आणि तांदूळ निवडायचं सूप घेऊन दाराशीच बसले.

तिने देवांना आवतणाचा धवला धरला. सासू भिंतीकडे तोंड करून पडलेली. गाणं पुढे गेलं तशी हळूहळू वळली, उठून बसली, आणि एकदम तिने जमिनीवर हात आपटला.

"गावदेवी राहिली. तिला टाकून मांडव घालतात का?"

आणि पहिल्यापासून सगळा धवला स्वतः गायली, एकेका देवाला त्याच्या त्याच्या मानाने बोलावत. आवाज फाटलेला, पण शब्द खणखणीत. नंतर भाकरी आणि सुकटीचं कालवण पुढे ठेवलं तर स्वतःच्या हाताने जेवली. नणंद रडायलाच लागली. मीही आणखी एक भाकरी वाढली, नाही कसं म्हणू? पण कान माझे त्या बाईकडे होते.

ती वरचेवर यायला लागली. दर खेपेला ती कुठेतरी चुकायची. कधी हळदीचा मान आत्याआधी मामीला द्यायची, कधी करवलीलाच गाळायची. सासू चिडायची, दटावायची, आणि बरोबर गाऊन दाखवायची. पुढच्या खेपेला तो धवला बाई अचूक म्हणायची आणि दुसऱ्यात चुकायची. अस्सं! म्हणजे हे असं आहे तर. म्हातारीला डिवचून तिच्या पोटातले धवले एकेक करून काढून न्यायचे, आणि उद्या तिचीच लग्नं बळकावायची.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुला सगळ्यांचाच संशय, दारात कावळा ओरडला तरी विचारशील कोणी पाठवला म्हणून. त्याचं काय जातंय बोलायला! मी एक दिवस कुंपणापाशी त्या बाईची वाट अडवली आणि तोंडावर विचारलं, मावशी, तुम्ही मुद्दाम चुकता ना?

वाटलं, गडबडेल. ती कसली गडबडते!

"काही ठिकाणी मुद्दाम चुकते, काही मना खरंच येत नाय," ती म्हणाली. "तिनं दिलंच नव्हतं तेवढं. तेच न्यायला आलेय मी. पण एक सांग सूनबाय, तुमी तिला भरवता, न्हाऊ घालता, समदं करता. तिच्याकडं कोन काय मागतं?"

चोर तो चोर, वर शिरजोर. असा संताप आला मला! पण घरात म्हातारी भाकरी संपवून स्वतःशी गुणगुणत बसली होती, ते मला दिसत होतं. मग मीही सौदा केला. म्हटलं, न्यायचं ते न्या, पण वैशाखात मांडवात तिच्याशेजारी बसून लग्न पार पाडायचं. बाईने मान डोलावली. माझा तिच्यावर काडीचा विश्वास बसला नाही, पण दार उघडं ठेवलं.

लग्नाच्या दिवशी सासूला नवं लुगडं नेसवून मांडवात बसवलं. ही मध्येच उठून मिठागराची वाट धरते की काय, या धास्तीने मी त्या दोघींना चिकटूनच बसले. बाईने धवला धरला आणि ठरल्यासारखी चुकली. सासूने तिच्याकडे असं काही बघितलं! मग जी गायला लागली ती कोणाला ऐकेना. देव आले, हळद झाली, मुहूर्त लागला. नणंद समोर पाटावर बसून नुसती आईकडे बघत होती. बायका डोळे पुसत होत्या आणि मी मनात म्हणत होते, बघा, हिला सगळं पाठ आहे, तर मग एकटी मीच बरी विसरायला सापडले.

पाठवणीची वेळ झाली. धवलारीण नवरीच्या आईला पुढे बोलावते, आईने लेकीची ओटी भरायची, मग शेवटचा धवला. नणंद वाकून आईच्या पाया पडली आणि समोर उभी राहिली. सासूने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मांडवभर नजर फिरवली.

"पोरीची आय कुठं हाय? बोलवा तिला. पोर कवाची उभी हाय."

दर चुकीला सासूला हात आपटायला लावणारी ती बाई, तिलाही ही चूक सुधारता येईना. तिने फक्त मला कोपराने ढोसलं.

मी नारळ आणि तांदूळ घेऊन पुढे झाले आणि नणंदेची ओटी भरली. सासूने माझ्या पाठीवरून हात फिरवला. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

"रडू नको, बाय," ती मला म्हणाली. "लेक चांगल्या घरी चाललेय."

आणि तिने शेवटचा धवला धरला. नणंद माझ्या गळ्यात पडून हुंदके देत होती, आणि तिची आई परक्याच्या लेकीला पाठवावं तशी, डोळ्यांत टिपूस न आणता, मोठ्या सुरात गात होती.