पूर्वपक्षवाले सर

आमच्या सरांशी भांडायची सोयच नव्हती. तुम्ही तावातावानं काही बोलायला जा, ते हात वर करून थांबवायचे आणि तुमचंच म्हणणं तुमच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवायचे. मग विचारायचे, "असंच ना?" आपण मान डोलावली की अर्धा राग तिथंच ओसरायचा.

नंदुरबारच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करणारे आम्ही मोजके. समोरच्याची बाजू म्हणजे पूर्वपक्ष. तो आधी मांडायचा, हा सरांचा नियम. धर्माच्या तासाला ते कपाळी टिळा लावणाऱ्याला नास्तिकाची बाजू मांडायला लावत, आणि देवाची टिंगल करणाऱ्याला तापलेल्या लेकरासाठी नारळ फोडणाऱ्या आईची. "ज्याची बाजू मांडली, त्यानं मान डोलावली पाहिजे. तोवर आपलं तोंड उघडायचं नाही," म्हणायचे.

बाजारातही तेच. भाव करायला जायचे आणि भाजीवालीची पहाट, टेम्पोचं भाडं, सुकलेली मेथी असं सगळं स्वतःच सांगून ती मागेल ते देऊन यायचे. सरांच्या घरी काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपाळाला हात लावायच्या. "यांना भाजीला पाठवलं की तिचीच वकिली करून येतात!"

पहिलं वर्ष संपलं आणि आप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझं कॉलेज बंद करायचं ठरवलं. "तत्त्वज्ञान शिकीसन काय करशी व? कीर्तन करशी का?" मला नर्सिंगला घालायचं होतं. मी दोन दिवस जेवले नाही. कळल्यावर सर एस.टी.नं आमच्या रनाळ्याला आले. मला वाटलं, आता हे आप्पांना गप्प करतील. कसचं काय! चहा घेतला आणि मलाच म्हणाले, "आप्पांची बाजू मांड."

असा संताप आला म्हणून सांगू! पण नियम तो नियम. म्हटलं, "आप्पांना भीती वाटते. उद्या सासर वाईट निघालं आणि आप्पा नसले, तर या डिग्रीवर मला कोण उभं करील? माझ्यावर कुणापुढे हात पसरायची पाळी येऊ नये, एवढंच त्यांना हवंय."

आप्पांनी टोपी काढून डोळे पुसले. "हाई मी कधीच बोलनू नही. तुले कसं समजनं व?" त्यांनी टोपी परत डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "शिक मंग." माझी बाजू मांडायची वेळच आली नाही.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा सर अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. आप्पा आणि मी पेढे घेऊन गेलो. सरांनी कणभर पेढा जिभेवर ठेवला आणि हळूच म्हणाले, "आता शेवटचा पेपर. मरणाची बाजू मांड."

काकू तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मी कशीबशी बोलले, "सर, तुम्ही दमलात. खूप दुखतंय. काम पुरं झालंय. मरण म्हणतंय, आता यांना निजू द्या."

सरांनी मान डोलावली. "छान. आता तुझी बाजू."

तीन वर्षं शिकले, तरी मी पेढ्यांच्या खोक्याचं झाकणच लावत बसले.

आप्पांनी पुढं होऊन सरांचा हात हातात घेतला. "सर, ती काय सांगी? तुम्ही आजून ऱ्हा. बस, इतलंच म्हननं शे आम्हनं."

सरांनी दुसऱ्यांदा मान डोलावली.

त्याच आठवड्यात ते गेले.