गयामावशीचे दोन आवाज

हलगी वाजू लागली की आमची शेजारीण गयामावशी हातातलं काम टाकून पडवीचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरायची. बोटं पांढरी पडत आणि तोंडानं ती शेळ्यांना शिव्या घालत राहायची. शेळ्या बिचाऱ्या कधीच्याच रानात गेलेल्या असत. हलगी थांबली की पदरानं तोंड पुसून म्हणायची, "गेलं बाई वारं." लहानपणी आम्ही तिची नक्कल करून खिदळायचो. आज त्याची लाज वाटते.

खांब धरायला लागायच्या आधी दर मंगळवारी तिच्या अंगात लक्ष्मीआई यायची. भूम तालुक्यातल्या आमच्या गावात त्याचं नवल नव्हतं. नवल होतं ते आवाजाचं. एरवी मावशी चुरुचुरु बोलणारी, भारी थट्टेखोर. अंगात आलं की आवाज जाड आणि संथ व्हायचा, रांजणाच्या तळातून यावा तसा. माझ्या आजोबांपुढं ती डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. तो आवाज मात्र त्यांना 'ए सदाशिव' अशी हाक मारायचा आणि आजोबा हात जोडायचे. वारं उतरलं की तिला काहीच आठवत नसे. तांब्याभर पाणी पिऊन विचारायची, "काय बोलले गं म्या?"

मी पहिलीत असताना शेजारच्या शांताकाकूच्या लेकराला साप चावला. त्या आवाजानं सांगितलं, "उंबऱ्याभाईर न्हेऊ नका." नेलं नाही. दिवेलागणीच्या आत लेकरू गेलं. पुढच्या मंगळवारी शांताकाकू पुन्हा येऊन मावशीच्या पाया पडली. मावशीला खरी धडकी भरली ती त्या पाया पडण्यानं. "म्या न्हाय बोलले," ती माझ्या आईला सांगत होती, "पर तोंड तर माझंच व्हतं ना." त्या दिवसापासून तिनं खांब धरला.

तिचं मन एका दिवसात बदललं. अंग मात्र ऐकायला तयार नव्हतं, आणि गाव तर मुळीच नाही. कुणी आजारी पडलं की मावशी आपण होऊन त्यांच्या दारात जायची, "दवाखाना गाठा" म्हणून सांगायची. लोक 'व्हय मावशी' म्हणत आणि हलगीवाल्याला घेऊन तिच्याच अंगणात हजर होत. "म्या सांगितलं तर आयकत न्हाईत," ती चिडून म्हणायची, "म्या नसले की आयकत्यात." आम्हाला तेव्हा हा विनोद वाटायचा.

मी कॉलेजात होते तेव्हा सोयाबीन काढताना भर दुपारी माझ्या धाकट्या बहिणीला साप चावला. जीप रस्त्यावर उभी होती. तरी आई-वडिलांनी तिला उचलून आणलं ते मावशीच्या अंगणात. मी ओरडत होते, पण माझं कोण ऐकणार? हलगी सुरू झाली. मावशी खांबाला बिलगून विनवत होती, "पाया पडते, दवाखान्यात न्या. म्या काय बी बोलले तरी आयकू नका." कुणी जागचं हललं नाही. बहिणीच्या पापण्या जड होऊन मिटायला लागल्या होत्या. आणि मग मावशीची बोटं खांबावरून एकेक करून सुटली.

आता काय ऐकायला मिळणार हे मला ठाऊक होतं. इतकी मी आयुष्यात कधी भ्याले नाही.

"बळीराम," तो जाड आवाज माझ्या वडिलांना म्हणाला, "पोर उचल. गाडीत घाल. वाटंत थांबलास तर माझ्याशी गाठ हाय."

वडील धावत सुटले. बहीण वाचली; आता जळकोटला नांदते, दोन लेकरांची आई आहे. तेव्हापासून साप चावलेल्या माणसाला आमच्या गावात कुणी अंगणात आणत नाही. देवीनंच सांगितलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

मावशी यंदा गेली. इतकी वर्षं मी तिच्या हुशारीची गोष्ट कौतुकानं सांगत फिरले, की बाईनं सोंग करून अख्खं गाव वठणीवर आणलं. शेवटच्या भेटीत न राहवून विचारलंच, "मावशी, त्या दिवशी तुम्ही मुद्दाम सोंग केलं ना?"

डाळ निवडणारे तिचे हात थांबले.

"सोंग करता आलं आसतं बाई," ती म्हणाली, "तर शांताचं लेकरू आज तुझ्यायेवढं आसतं."