मामाजींच्या कानातला टर्बो

आता माझी अक्कल कुठवर धावते ते तुम्हीच ठरवा. चहा थंड होऊ देऊ नका, पण ऐका!

माझे सासरे, म्हणजे मामाजी, रोहिणखेडला राहतात. ऐकू कमी येतं. नातीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, चिखलीला ठरलं, तसं त्यांनी हट्टानं कानाचं मशीन घेतलं. "सोयरे काय बोलतात थे मले सोताच्या कानानं आयकू द्या," म्हणाले.

नेमकी मशीन घेऊन त्यांना घरी सोडताना माझ्या डिझेल गाडीत शिट्टी यायला लागली. ॲक्सिलेटर दाबला की सुंईऽऽ! पाय काढला की बंद. कानाचं मशीन सैल बसलं तर शिट्टी मारतं, हे मी कुठंतरी ऐकलं होतं. झालं! निदान पक्कं.

बायको म्हणाली, "अहो, काल बाबा गाडीत नव्हते, तरी वाजत होती."

"तुह्या कानात बसली असन थे!"

"अन् मांगून निळा धूर निंगते थो?"

"मंग डिझेल गाडीतून काय उदबत्तीचा धूर निंगन?"

साक्षगंधाच्या दिवशी मामाजींना घेऊन निघालो. राजूर घाटाचा चढ लागला, जोर दिला, शिट्टी सुरू! मला राहवेना. मागं वळून, कानाला हात लावून ओरडलो, "मामाजी, थे मशीन काढून ठेवा जरा. वाजून राह्यलं!"

त्यांनी काढून खिशात ठेवलं. जावयाला नाही कोण म्हणणार? पण शिट्टी चालूच.

"पाहा, खिशात बी वाजते! सेल काढा त्याचा!" मी बोटांनी खूणही केली.

बिचाऱ्यांनी सेलही काढला. मग खिडकीबाहेर पाहत बसले. बायको काही बोलली की नुसतं हसायचे.

इकडं गाडीला चढच चढवेना. कापसाचा भरलेला ट्रक आम्हाला मागं टाकून गेला! एवढ्यात मागं निळ्या धुराचा लोट उठला. गाडी कडेला घेऊन बंद केली, मिस्त्रीला फोन लावला.

"टर्बो गेला, साहेब. इंजिनात जादा हवा भरते ना, थो पंखा. दम नाही, निळा धूर... शिट्टी केव्हापासून येऊन राह्यली?"

काय सांगू? सासऱ्याच्या कानात येऊन राह्यली होती म्हणू?

मामाजी दगडावर बसले होते. धोतर कडक इस्त्रीचं, चेहरा शांत. ज्या दिवसासाठी माणसानं कान विकत आणले, त्याच दिवशी मी ते काढून घेतले होते. मी स्वतः सेल बसवला, मशीन त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी कानात घातलं. क्षणभर ऐकत राहिले. मग चेहरा उजळला.

"शिट्टी गेली! जावईबापू, सुधरवलं तुमी!"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. त्यांचा आनंद पाहिला अन् मिटलं.

गाडी तिथंच सोडली, काळीपिवळी जीप पकडून चिखली गाठली. मामाजींनी मांडवात शिरल्या शिरल्या जाहीर केलं, "आमच्या जावईबापूंनं घाटातच मशीन दुरुस्त केलं!"

थोड्या वेळानं मुलाकडचे एक आजोबा काठी टेकत माझ्याकडं आले. कानातलं मशीन काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "आमचं बी लय वाजते, साहेब. पाहा बरं!"

सगळा मांडव बघत होता. मी सेल काढला, गंभीर चेहऱ्यानं फुंकर मारली, सेल परत बसवला.

बायको कानाशी पुटपुटली, "एक फुंकर गाडीले बी मारली असती तं!"