दिगूचा झारा आणि बापूकाकांचे उपास

“खाडीत टाका तो! सांगतोय ना, हात लावू नका त्या झाऱ्याला!” बापूकाका असे काही ओरडले, की डोंबिवलीतल्या त्या गच्चीवर वाळत घातलेले शेजारणीचे पापड आपोआप उलटे झाले. दिगू आचाऱ्याच्या चौदाव्याचं गोडाचं जेवण होतं. त्याची बायको, आमची सुनंदावहिनी, भट्टीशी उभी. कढईत तूप तापलेलं, बेसन भिजवून तयार, आणि तिच्या हातात दिगूचा बुंदी पाडायचा झारा. बापूकाका म्हणजे दिगूचे सख्खे चुलते, कल्याणला राहतात, कचेरीतून निवृत्त झाले तरी आवाज अजून नोकरीत आहे. “तसला रोग झालेल्या माणसाच्या भांड्यातलं चार लोकांना खायला घालतेस? घराण्याला तोंड दाखवायला जागा ठेवणार आहेस की नाही?” एवढं बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली. वहिनी खोकला संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, “काका, तूप जळतंय.” आणि तिनं झाऱ्यावर पीठ ओतलं.

लोकांना वाटलं असेल, बाई हट्टाला पेटली. हट्ट नव्हता तो. तुळशीच्या लग्नानंतरची पाच-सहा कार्यं दिगूनं घेऊन ठेवलेली होती आणि ती सगळी स्वतः करायची, असं तिनं ठरवलं होतं. दिगूविना तिनं रांधलेलं हे पहिलं जेवण. आज घरच्याच माणसांनी पान बाजूला सारलं असतं, तर बाहेरच्यांनी तिच्या दारात कशाला यायचं?

मी मंडपवाला. दिगूचं जेवण आणि माझा मंडप ही जोडी ठाण्यापासून कल्याणपर्यंत निम्म्या लोकांच्या लग्नात उभी राहिलीय. उरलेल्या निम्म्यांनी पळून जाऊन लग्न केलं असणार. मी वाढवून सांगतो असा माझ्यावर आरोप आहे, आणि तो मी वाढवून कबूल करतो. पण दिगूच्या बाबतीत वाढवायला जागाच नसायची. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या कँटीनला तो उमेदवारीत लागला, तेव्हा त्याची फोडणी पडली की जेवणाचा भोंगा वाजवायची गरज उरायची नाही. हा झारासुद्धा तिथलाच. बाजारातल्या झाऱ्याची भोकं एकसारखी नसतात म्हणून शेजारच्या वर्कशॉपातल्या मित्राकडून त्यानं तो जाड पत्र्यातून कापून, भोकं पाडून घेतला. एवढा रुंद, की एका लग्नात त्यावर मांजर वेटोळं करून झोपलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. दिगू कढईच्या काठावर त्याचा दांडा आपटायचा, टण्ण टण्ण, आणि मोत्यासारखी बुंदी पडायची. तो आवाज आला की मी समजायचो, मंडपाचे पडदे सोडायची वेळ झाली.

मग एका हिवाळ्यात आवाज ढिला पडला. दिगूला खोकला लागला, तो जाईना. पँट कमरेवर राहीना, तर सुतळीनं बांधून यायचा. आम्ही म्हणायचो, भट्टीचा धूर खातोय. शेवटी वहिनीनं ओढून सरकारी दवाखान्यात नेलं. क्षय निघाला. क्षयाबरोबर एचआयव्हीही तपासतात, तेही निघालं.

मला त्यानं ते सांगितलं एका साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी, कांदा चिरता चिरता. “मंडप, मला एचआयव्ही आहे.” बास. कांद्याची सोय होती म्हणून दोघांनाही रडता आलं. कुठून आला, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्यासारख्या भोचक माणसानं आयुष्यात न विचारलेला हा एकमेव प्रश्न. मात्र पाठ करून ठेवल्यासारखं तो पुढे म्हणाला, “जेवणातून लागत नाही. भांड्यातून नाही, शिवण्यातून नाही, एका ताटात जेवल्यानं नाही. तुला आता सुटायचं असेल जोडीतून, तर सूट. पण या भीतीनं सुटू नकोस.” मी त्याच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेला कांदा चिरला. किती जाड चिरलाय म्हणून त्यानं मला शिव्या घातल्या, तेव्हा कुठं जिवाला बरं वाटलं.

इथून पुढचं काही मी वाढवणार नाही, कारण ते तसंच्या तसं कुणाच्या तरी उपयोगाचं आहे. आधी क्षयाची औषधं, मग थोड्या दिवसांनी एचआयव्हीची. रोज एक गोळी, ठरल्या वेळी, जन्मभर. सरकारी केंद्रावर ती फुकट मिळते. दिगूची वेळ रात्री नऊची. बोहल्यावर नवरा चढत असो की पंगत ओरडत असो, नऊ वाजले की हा कढईकडे पाठ करायचा, गोळी टाकायचा आणि पाण्याचा तांब्या उंच धरून गटगट प्यायचा. वाढपी विचारायचे, “शेठ, कसली गोळी?” हा म्हणायचा, “जिवंत राहायची.” अधूनमधून रक्तातला विषाणू मोजायचे. पुढे पुढे तो इतका खाली गेला की मोजणीत सापडेना. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, गोळी न चुकवता हा असाच दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून बायकोला लागायचा नाही. पण बरा झाला असं नव्हे हं... गोळी सोडली की तो परत डोकं वर काढतो. विषाणू असा दबेपर्यंत निरोध वापरायचा, हेही त्याच बाईंनी सांगितलेलं. दिगू लाजून टेबलाखाली जायचा बाकी राहिला. वहिनीनंच सगळे प्रश्न विचारले.

वहिनीची तपासणी झाली तो दिवस मला लख्ख आठवतो. दवाखान्याबाहेरच्या कट्ट्यावर दिगू बसलेला, शेजारी मी. वहिनी बाहेर आली, म्हणाली, “नाहीये.” दिगू उठून उभा राहिला आणि परत बसला. ती पुढे म्हणाली, “इतक्यात खात्री धरायची नाही म्हणाल्या. नवीन लागण असली तर लगेच दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा यायचंय.” ती पुन्हा गेली. तेव्हाही नव्हता. त्या संध्याकाळी दिगूनं अख्ख्या इमारतीला बुंदी वाटली, कसली म्हणून कुणी विचारलं की सांगायचा, “बायको पास झाली.”

घरच्यांना मात्र त्यानं सरळ खरं सांगितलं. लपवलं तर जेवणात काहीतरी लपवल्यासारखं वाटेल, असं त्याचं म्हणणं. काहींनी मान डोलावली आणि कामं दुसऱ्याला दिली. बापूकाकांनी नातं तोडलं नाही, त्यांनी उपास धरले. दिगूकडे आले की सोमवारी शंकराचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. दिगूनं साबुदाण्याची खिचडी पुढे केली, तर म्हणाले, “आज निर्जळी आहे.” एकदा रविवारी आले. दिगू म्हणाला, “काका, आज कोण देव?” काका म्हणाले, “सूर्यनारायण.” तेहतीस कोटी देव त्या एका खुर्चीवर उपाशी बसले. दिगू हसायचा. पण काका आले की तो दर वेळी काहीतरी नवीन करायचा, वास दारापर्यंत जाईल असं... आणि काका गेले की ते झाकून ठेवायचा. त्या दिवशी तो स्वतःही जेवायचा नाही, हे मला वहिनीनं त्याच्यामागे सांगितलं.

गेला तो कल्याणच्या भाजी बाजारात, सकाळी, कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून. छातीत कळ आली आणि खाली बसला. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्याचा बापही असाच गेलेला. त्या गोळ्यांनी त्याला इतकी वर्षं जगवलं की इतर माणसांसारखं मरण त्याच्या वाट्याला आलं. पण लोकांना हवं होतं तेच कारण त्यांनी घेतलं. शेवटची अंघोळ घालायला वाकलो, तर मागून कुणीतरी म्हणालं, हातमोजे घाला. मी घातले नाहीत. दिगूच्या हाताला, मनगटाला तुपाचे जुने चटके होते, मंडपाच्या कापडावरच्या नक्षीसारखे... ते एवढ्या जवळून मी पहिल्यांदाच पाहिले.

तर त्या गच्चीवर वहिनीनं दांडा आपटला. टण्ण टण्ण. ठेका दिगूचा नव्हता, जरा अडखळत होता. बुंदी मात्र गोल पडली. मी पहिलं पान मांडलं आणि बसलो. इमारतीतले बरेच जण जेवले. दोघी-तिघींनी “घरी नेऊन खातो हं” म्हणून पुड्या बांधून घेतल्या. त्या पुड्यांचं पुढं काय झालं, ते त्या पुड्यांनाच ठाऊक. बापूकाका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते. वार बुधवार. कुणाचा उपास, ते कुणी विचारलं नाही.

सगळे खाली गेले. मी पडद्याच्या दोऱ्या सोडत होतो. काका उठले, पँट वर ओढत वहिनीकडे गेले. पट्ट्याचं टोक कमरेला वळसा घालून पाठीशी गेलं होतं, ते मी तेव्हा पाहिलं. वहिनी झारा घासत होती.

“सुनंदा...” आवाज एवढा बारीक, की हेच काका आहेत का म्हणून मी वळून बघितलं. “हा खोकला जात नाहीये. डॉक्टर म्हणतात, छातीचं सगळं तपासा. आणि... तीही तपासणी सांगितलीय त्यांनी. तुम्ही कुठं गेलेलात?”

वहिनीनं मान वर केली नाही. “सरकारी दवाखान्यात. वेगळी खोली असते. आधी एक बाई बसून नीट बोलतात, मग थोडंसं रक्त घेतात. तुम्हाला सोडून कुणाला सांगत नाहीत. मी येईन बरोबर.”

काकांनी कढईत उरलेल्या बुंदीकडे बघितलं. मग म्हणाले, “उपाशी जावं लागतं का?”

वहिनीनं झारा धुतला, उन्हात पालथा घातला.

“नाही. जेवून गेलं तरी चालतं.”