विकतची राख, फुकटचं सरपण

काटकसर मी मोबाईलवर शिकले. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. व्हिडिओत एक बाई यायच्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातमागाची साडी, मागे मातीच्या मडक्यांची उतरंड. त्या गोड आवाजात सांगायच्या की आमच्या घरी खर्च असा होतच नाही, कारण आम्ही जुन्या बायांसारखं घर चालवतो. मडक्यांच्या मागे त्यांच्या ओट्याचा ग्रॅनाइट चकाकत असायचा, तो मला तेव्हा दिसला नाही. मला दिसत होती ती लेकीची नागपुरातली शिकवणी, तिचं होस्टेल, आणि महिना अर्ध्यावर यायच्या आत संपणारा आम्हा दोघांचा पगार.

मी चंद्रपुरातच जन्मले, खाणीच्या कॉलनीत वाढले, आणि आता इथल्याच एका शाळेत शिकवते. जंगल म्हणजे आमच्या लेखी पाहुणे आले की दाखवायला न्यायची जागा. तेव्हा जुन्या बायांचं घर चालवणं मला जे काही माहीत होतं ते एवढंच, की ते फार सुंदर असणार.

पहिलं पाऊल म्हणून भांडी राखेने घासायची ठरली. आता आमच्याकडे गॅस, राख कुठून आणायची? तर मिळते. 'अस्सल चुलीची राख', खाकी पाकिटात, सुतळीची गाठ मारून, घरपोच. साबणापेक्षा महाग पडली, पण साबणात संस्कृती कुठे असते?

सासूबाईंनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"राख इकत घेतली?"

"हो आई. शुद्ध आहे."

"हाव, मंग," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांच्या या 'हाव, मंग'मध्ये होकार सोडून बाकी सगळं असतं.

मग पितळी पातेली आली, लाकडी रवी आली, मातीचा तवा आला तो येतानाच तडकून आला म्हणून दुसरा मागवला. जुन्या पद्धतीने राहायला जे जे लागतं ते सगळं नवं घ्यावं लागलं. लाखोळीच्या डाळीच्या वड्या घातल्या, त्या गच्चीवर वानरांनी खाल्ल्या. आमच्या ह्यांनी एकदाच विचारलं, "यात बचत कुठी होऊन राह्यली?" मी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढे वर्षभर त्यांनी तो प्रश्न काढला नाही.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या काटकसरीत खरं नुकसान झालं ते त्यांचंच.

त्यांचं गाव मोहर्लीच्या रस्त्याला आहे, जंगलाला अगदी चिकटून. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी डोक्यावर सरपण वाहिलं. आमच्या ह्यांना नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारात आईला काय आणू विचारलं. लुगडं नको, पाटल्या नको. "मले सरपनाले जानं नाई पडलं पाह्यजे," एवढंच त्या म्हणाल्या. गावातल्या त्या घरात गॅस आला. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना चंद्रपूरला आणलं, तेव्हा त्यांनी कपड्यांची एक पिशवी घेतली आणि मुलाला विचारलं, "तिथी गॅस आहे नं?" दसऱ्याला घरातली गाडी पुजतात, हत्यारं पुजतात. आमच्याकडे सिलिंडरला झेंडूचं फूल वाहिलं जातं. मी शाळेत हा किस्सा सांगून सगळ्यांना हसवत असे.

आणि त्यांची एक खोड. पहाटे पाचला उठून त्या स्वतःचा चहा मांडतात. लायटर वाजला, की चहा उकळेपर्यंत घरातल्या एकेकाला हाक. काम काहीच नाही. नुसती हाक. हे झोपेतच "ओ" म्हणतात आणि कुशीवर वळतात. लेकही घरी असली की पांघरुणातून "ओ" करते. मी कधीच ओ दिली नाही. सकाळी ओ दिली की काम मागे लागतं, हा माझा माहेरचा अनुभव. मग त्या दारापर्यंत यायच्या, मला पाहायच्या, आणि जायच्या. त्यांना इथे येऊन इतकी वर्षं झाली, हा नेम चुकला नाही. सासू आहे, पाळत ठेवणारच, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तर, गॅस. व्हिडिओवाल्या बाईंच्या मते घराला लागलेली खरी कीड गॅसच होता. मागच्या अंगणात चूल घालायची ठरली. सासूबाईंच्या हाताची चूल गावात नावाजलेली. पण त्या म्हणाल्या, "मले नाई जमत आता." चांगली दोन मजली पायऱ्या चढून वाळवण घालणारी बाई, तिला माती थापायला जमत नाही. मला आला राग. मीच व्हिडिओ पाहून चूल घातली. ती दोनदा फुटली, तिसऱ्यांदा उभी राहिली, आणि जाळ सोडून बाकी सगळीकडे धूर द्यायला लागली. शेजारच्या चाची शिवणकाम करतात. त्या भिंतीवरून म्हणाल्या, "बाई, शादी के कपड़े टंगे हैं हमारे. खाना पकाओ, मगर हमें मत पकाओ." मी त्याही बाईला आधुनिक समजून सोडून दिलं.

रिकामं सिलिंडर बदलायचं नाही, असा घरात कायदा केला. चुलीवर दोन वेळा चहा होईल, सात वाजता आणि चार वाजता, ज्याला हवा त्याने तेव्हा घ्यावा. पहाटेचा लायटर बंद झाला. हाकाही बंद झाल्या. सासूबाई पाचला उठायच्या, पाण्याचा पेला घेऊन ओट्यापाशी उभ्या राहायच्या आणि पुन्हा जाऊन पडायच्या. मी मात्र ह्यांना म्हटलं, पहा, निदान झोप तरी शांत लागते आता.

चूल झाली, पण सरपण? चंद्रपुरात लाकूड विकत घ्यायला गेलं की गॅस स्वस्त वाटायला लागतो. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, गावी आपलं शेत आहे. ते ह्यांचे चुलतभाऊ कसतात. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, वाळलेल्या फांद्या पडून असतात, त्याला पैसे कोण मागतो? रविवारी गाडी काढली. फुकटचं सरपण आणायला आम्ही गाडीची टाकी भरून घेतली, हे मला आज लिहिताना सुचतंय.

मी निघताना सासूबाई चपला घालून दारात उभ्या.

"आई, तुम्ही कशाला? आम्ही दोघं आणतो."

"तो बसन भावापाशी. तू एकटी जाशीन धुऱ्यावर?"

"त्यात काय?"

त्या गाडीत जाऊन बसल्या. मला वाटलं, सुनेला काही जमत नाही हे पाहायला येताहेत.

रस्त्याने उघड्या जिप्सी चालल्या होत्या. टोप्या, दुर्बिणी, मांडीवर हातभर लांबीचे कॅमेरे. वाघ दिसावा म्हणून माणसं कुठून कुठून येतात, एवढाले पैसे मोजतात, आणि नाही दिसला तर रुसून जातात. सासूबाई काचेतून त्यांच्याकडे पाहत होत्या. "पाहाले जातेत," त्या म्हणाल्या. त्यात थट्टा नव्हती, नवल होतं.

गावात ह्यांचे चुलतभाऊ दारातच भेटले. त्यांची आई ते लहान असतानाच गेली आणि सासूबाईंनी त्यांना आपल्या मुलासोबत वाढवलं, एवढं मला माहीत होतं. आई कशाने गेली ते मी कधी विचारलं नव्हतं. आम्ही सरपणाला आलो हे ऐकून ते ह्यांच्याकडे पाहत राहिले. मग दोघं भाऊ चहा घेऊन मागून येतो म्हणाले, आणि आम्ही दोघी पुढे निघालो.

धान कधीच कापून झालं होतं. बांधीत, धानाच्या त्याच वाफ्यांत, लाखोळी उभी होती आणि पलीकडच्या धुऱ्याला लागूनच झाडी सुरू होत होती. सासूबाईंनी पदर खोचला. मला म्हणाल्या, "इथून पुढं मी हाक मारीन. तू ओ देजो. लगेच देजो."

"आई, मी इथेच आहे की. दिसते तुम्हाला."

"दिसली तरी देजो."

लहान मुलांच्या खेळासारखं ते चाललं. त्या चार फांद्या उचलायच्या आणि "सूनबाई" म्हणायच्या, मी "ओ" म्हणायची. मला हसू येत होतं. पण दहा-पंधरा वेळा ओ दिल्यावर कंटाळा आला. आणि तेव्हाच मला सुचलं, अरे, आपणही व्हिडिओ करावा. ऊन कोवळं, लाखोळीची निळी फुलं, माझ्या काखेत काटक्या. मी पळसाच्या झुडपामागे गेले, मोबाईल दगडाला टेकवून उभा केला आणि काटक्या वेचत हळूहळू चालू लागले, त्या व्हिडिओतल्या बाई चालतात तशी.

"सूनबाई."

मी ओ दिली नाही. व्हिडिओत आवाज गेला असता.

"सूनबाई वो."

आता थोडक्यासाठी कशाला बिघडवायचं, म्हणून मी गप्प राहिले. तिसरी हाक आली ती आधीच्या दोन्हींसारखी नव्हती. मी वळेपर्यंत झुडूप मोडत सासूबाई आल्या. पायात चपला नाहीत, हातात एक वाळलेली फांदी वर धरलेली, तोंडाने नुसता हा हा असा आवाज करत. सत्तरी ओलांडलेली बाई. ती फांदी घेऊन त्या कशावर धावून येत होत्या, ते मला त्या क्षणी कळलं.

मला पाहून त्यांनी फांदी टाकली. माझे खांदे चाचपले, मान चाचपली, मला फिरवून पाठ पाहिली. मग एक थोबाडीत दिली. उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्यावर हात उचललेला नाही, तो तेवढा एकदाच.

"ओ काऊन नाई देल्ली?"

मी मोबाईलकडे बोट केलं.

त्या तिथेच खाली बसल्या. त्यांना धाप लागली होती. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "हे शेत कसते नं, त्याची माय होती. माही जाऊ. याच धुऱ्यावर. मी हाक मारली, तिनं ओ देल्ली नाई. लय मस्कऱ्या होती ते. मले वाटलं, मस्करी करून राह्यली. मी मोळी बांधत बसली."

मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी काढून घेतला नाही.

"मानसं जमली मंग घरी. च्या तं लागते मानसाले. माह्याच मोळीवर मांडला."

एवढंच. पुढे त्या त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. भाऊ दोघं आले, ह्यांनी आईचे पाय पाहिले, काटे काढले. जमवलेल्या फांद्या आम्ही तिथेच टाकून दिल्या. परतताना गाडीत मी ह्यांना हळूच विचारलं, मला का सांगितलं नाही? ते म्हणाले, "तू विचारलं कधी?" मला खूप रडू आलं आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. पोटापाण्यासाठी ज्या बाईने जीव मुठीत धरून काटक्या वेचल्या, तिचंच जगणं मी पाकिटातून विकत घेऊन तिलाच शिकवत होते.

सिलिंडर सोमवारीच आलं. चूल मी मोडली. तिची राख निघाली, एक डबाभर. अस्सल. खर्च आता पुन्हा पूर्वीसारखाच होतो आणि महिना पूर्वीसारखाच अर्ध्यावर दमतो. शिकवणीचं कसंबसं भागवतो. त्या बाईंचे व्हिडिओ पाहणं सोडलं. माझा स्वतःचा मात्र मोबाईलमध्ये आहे अजून. चांगला आला आहे. लाखोळीची फुलं, कोवळं ऊन, आणि तीन हाका, अगदी स्वच्छ ऐकू येतात. माझा आवाज त्यात कुठेच नाही.

मंगळवारी पहाटे पाचला लायटर वाजला. मी जागीच होते. स्वयंपाकघरातून आधी ह्यांना हाक आली. हे झोपेत "ओ" म्हणाले आणि कुशीवर वळले. मग माझी पाळी.

"सूनबाई."

"ओ," मी म्हटलं.

त्या दारापर्यंत आल्या नाहीत. मग कपात चहा गाळल्याचा आवाज आला.