तीन म्हटल्यानंतर

वर्ध्याच्या कचेरीसमोर, कडुनिंबाखाली, तो पेटीचा कॅमेरा मांडून उभा असे. मी कचेरीत नवा कारकून होतो. दुपारी खिडकीतून त्याला बघत राही. नाव कधी विचारलं नाही.

गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की तो मोठ्यानं एक, दोन, तीन म्हणे. लोक श्वास रोखत, डोळे ताणत. भिंगावरची टोपी मात्र तो काढतच नसे. मग "झालं" म्हणे, माणूस सैल पडे, आणि तेवढ्यात टोपी हलकेच उचलून तो परत बसवी. मला ती लबाडी फार आवडे.

"तीन म्हनेपर्यंत मानूस फोटोतला असते," त्यानं एकदा सांगितलं, "मंग घरचा होते."

मी नुकताच तापातून उठलो होतो. आईची काळजी मिटावी म्हणून धडधाकट दिसणारा फोटो तिला पाठवायचा होता. युक्ती ठाऊक असल्यानं "झालं" ऐकूनही मी छाती फुगवून बसून राहिलो. तो टोपीवर हात ठेवून थांबला. मग सहज म्हणाला, "जेवले का जी?"

"हो," मी म्हणालो. टोपी उठली, बसली.

आठवड्यानं मामा गावाहून भाकरी अन् तिळाची चटणी घेऊन आला. "तुह्या मायनं फोटो पाह्यला अन् म्हने, पोरगं जेवलं नाई."

मी हे फोटोवाल्याला जरा तक्रारीच्या सुरातच सांगितलं. तो धोतराच्या सोग्यानं भिंग पुसत होता.

"मंग?" तो म्हणाला. "फोटो बराबर आला."